गप्प झालेल्याला किती दिवस विचारायचं?

थळच्या किनाऱ्यावरून समोर पाहिलं की दोन बेटं दिसतात. अलीकडची उंदेरी, पलीकडची खांदेरी. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे. पूर्वी रात्री झोपण्याआधी म्हातारी माणसं अंगणात येऊन एकदा तिकडे नजर टाकायची. दिवा दिसला की झालं. नाही दिसला, तर तीन शक्यता. दिवा खरोखरच विझला असेल. किंवा दिवा पेटता आहे, पण मध्ये पावसाची सर आडवी आली आहे. किंवा दिवाही आहे, हवाही स्वच्छ आहे, आणि बघणाऱ्याच्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे.

आज बोलायचं आहे ते संगणकांच्या जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. बँक, रेल्वे, कॉलेज, इस्पितळ, सगळीकडे शेकडो यंत्रं तारांनी जोडलेली असतात. त्यातलं कुठलं चालू, कुठलं बंद, हे एका जागी बसून पाहणाऱ्या व्यवस्थेला 'नेटवर्क मॅनेजमेंट' म्हणतात. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, या विद्येत माझी गती बेताची. पण तिचा इतिहास चाळताना वाटलं, की तो याच तीन शंकांभोवती फिरतो.

सुरुवात एका आवाजापासून झाली. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस नावाच्या माणसाला जाळ्यात काहीतरी गडबड दिसली. ती शोधायला त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दूरच्या यंत्राला एवढंच विचारतो, 'आहेस का?' यंत्र जागं असेल तर तीच हाक परत पाठवतं. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून मूसनं प्रोग्रॅमला नाव दिलं, 'पिंग'. खांदेरीवर एक खडक आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यावर आपटल्यासारखा आवाज येतो. बेटावर गेलेला बहुतेक प्रत्येक जण तो वाजवून पाहतो. 'पिंग' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तोच आवाज आठवला.

पण हाकेला ओ आली, एवढ्यावर सगळं कळत नाही. १६७९ ची गोष्ट घ्या. शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी आणि त्याच्या माणसांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी गलबतं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. मोठी गलबतं, मोठ्या तोफा, रात्रंदिवस पहारा. आणि तरीही काठावरून लहान होड्या रात्रीच्या अंधारात सामान घेऊन बेटावर पोचत राहिल्या. ऑक्टोबरात दौलतखानाचं आरमार चालून आलं आणि त्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. पहारा होता, पण पहाऱ्याखालून काय आणि किती जातंय याची मोजदाद नव्हती.

संगणकाच्या जाळ्यात ही मोजदाद १९८८ मध्ये आली. 'एसएनएमपी' नावाची एक बोली ठरली. प्रत्येक यंत्रानं आपल्या पोटात काही आकडे मोजत राहायचं, आणि पहारेकऱ्यानं विचारले की सांगायचे. किती माहिती आत आली, किती बाहेर गेली, किती चुका झाल्या. गंमत अशी, की ही बोली तात्पुरती म्हणून मान्य झाली होती. पुढे एक मोठी, भारदस्त व्यवस्था येणार होती आणि तोपर्यंत ही चालवून घ्यायची होती. ती भारदस्त व्यवस्था इंटरनेटवर रुजलीच नाही. तात्पुरती मात्र आजही चालू आहे. कोकणात तात्पुरती म्हणून घातलेली पडवी तीन पिढ्या टिकते, तसंच.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? मुंबईत जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. २००३ मध्ये ती सीडॅकमध्ये विलीन झाली. १९८६ मध्ये 'एर्नेट' हा प्रकल्प उभा राहिला. एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशी आठ ठिकाणं जोडायची होती. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली, ती याच सुमारास. तेव्हाचे टेलिफोन ज्यांनी वापरलेत त्यांना सांगायला नको. कुठला बिघाड यंत्राचा आणि कुठला तारेचा, हे ओळखणं हेच रोजचं काम. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

जाळी वाढली तशी पहाऱ्याची किंमतही वाढली. एचपीचं 'ओपनव्ह्यू', आयबीएमचं 'टिवोली' ही बड्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स. नावात 'ओपन' असलं तरी आतलं काही दिसायचं नाही, आणि किंमत लहान संस्थेच्या आवाक्याबाहेर. म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात तिघा जणांनी 'ओपनएनएमएस' लिहायला घेतलं, आणि मार्च २००० मध्ये ते जगासमोर ठेवलं. घ्या, वापरा, आतला मजकूर वाचा, बदला, आणि बदललेलं पुढच्यालाही द्या, असा त्याचा परवाना. त्याच सुमारास एथन गॅल्स्टॅडचं 'नेटसेंट' आलं, जे पुढे 'नेगिऑस' झालं. लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेवचं 'झॅबिक्स' आलं.

ओपनएनएमएसच्या कथेत २००२ साली एक वळण आलं. ज्या कंपनीनं ते वाढवलं होतं, तिनं या मुक्त कामातून अंग काढून घ्यायचं ठरवलं. तिथं टॅरस बॅलॉग नावाचा एक नोकर होता. तो म्हणाला, मग हे मी सांभाळतो. नोकरी सोडली आणि सांभाळलं. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, दोन सोबत्यांसह त्यानं या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र कंपनी काढली. मूळ कंपनी मात्र त्याच साली बंद पडली. दिवा पेटवणारे निघून गेले आणि दिवा राहिला, कारण तेल-वातीची कृती कुलुपात ठेवलेली नव्हती.

हे सगळं फुकट आहे म्हणजे सोपं आहे, असं मात्र समजू नका. पैसे वाचतात, रात्री जातात. माझा पुतण्या एका शिक्षणसंस्थेत संगणकांचं काम पाहतो. संस्थेचं कार्यालय पनवेलला, शाखा अलिबाग-मुरूडच्या बाजूला विखुरलेल्या. २०१९ मध्ये त्यानं एका जुन्या यंत्रावर लिनक्स घालून ओपनएनएमएस बसवायला घेतलं. सुट्टीत घरी आला की सांगायचा, "चाचा, आज पण नाही उठलं."

आधी जावाची आवृत्ती जुळेना. या सॉफ्टवेअरला ठरावीकच आवृत्ती लागते. जुनी चालत नाही आणि फार नवीही चालत नाही. मग डेटाबेस अडून बसला. पोस्टग्रेस नावाची ही नोंदींची कोठी. आपल्याच यंत्रावरच्या सॉफ्टवेअरला ती आत घेईना. कोण आत यावं आणि ओळख कशी पटवावी, याची एक फाईल असते. त्यातली एक ओळ बदलायची होती. ती एक ओळ सापडायला दोन रात्री गेल्या. मग पहिलं पान उघडलं, आणि नाव 'ॲडमिन' तर परवलीचा शब्दही 'ॲडमिन'. तो ताबडतोब बदलायचा असतो, आणि पुष्कळ जण बदलत नाहीत. तसाच एसएनएमपीचा जुना परवलीचा शब्द 'पब्लिक'. दाराला कुलूप लावून किल्ली त्याच दारावर टांगल्यासारखं.

यातून मला एक कळलं. उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर नसतं, लॉगमध्ये असतं, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःशी जी वही लिहितं तिच्यात. पडदा फक्त म्हणतो, 'जमलं नाही'. का जमलं नाही ते वहीत, शंभर ओळी मागे, पहिल्या तक्रारीपाशी. शेवटची तक्रार वाचून धावणारा माणूस हमखास चुकीच्या दाराशी जातो.

एकदा सकाळी सगळ्या शाखा एकदम लाल. पुतण्यानं कुणालाही फोन केला नाही. आधी पहाऱ्याच्या यंत्राची मागची तार पाहिली. झाडू मारताना ती निघाली होती. मोतीबिंदू!

आणखी एक बिघाड तर मला कवितेसारखाच वाटला. सगळ्यात गजबजलेली वाट आलेखात सगळ्यात ओसाड दिसायची. कारण जुना मोजणारा आकडा चार अब्ज एकोणतीस कोटींच्या आसपास पोचला की पुन्हा शून्यावर येतो, जुन्या टॅक्सीच्या मीटरसारखा. गिगाबिटच्या भरल्या वाटेवर हे दर ३४ सेकंदांनी होतं, आणि पहारेकरी विचारायला येतो पाच मिनिटांनी. मधल्या फेऱ्या त्याला कशा कळणार? मोठे आकडे मोजणारा नवा मोजक त्या बोलीतच आहे. तो निवडायचा असतो, इतकंच.

नवं यंत्र बसवलं की त्याच्यावर लगेच विश्वास टाकायचा नाही, हा धडा अलिबागला शंभर वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ चं मोठं सौर वादळ तिथं टिपलं गेलं, आणि सुमारे दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्याच नोंदी काढून वादळाची ताकद मोजली. मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेनं चुंबकाची सुई बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी नव्या वेधशाळेसाठी अलिबाग निवडलं. तिथं काम १९०४ मध्ये सुरू झालं. पण कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी बरोबरीनं चालू ठेवल्या. जुन्या आणि नव्या आकड्यांत फरक किती, हे कळल्यावरच जुनं थांबवलं. म्हणून ती नोंदींची साखळी आजतागायत अखंड आहे. पुतण्याला हे सांगितल्यावर त्यानंही महिनाभर नव्या पडद्याशेजारी जुनी हातानं लिहायची वही चालू ठेवली. माझं ऐकून की धास्तीपोटी, ते विचारलं नाही.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. माड, पोफळी, विजेचे खांब, मोबाईलचे मनोरे, सगळं झोपलं. टाळेबंदीचे दिवस. मुंबईतली मुलं गावी फोन लावत होती आणि फोन गप्प होते. घर पडलं, माणूस गेलं, की नुसती बॅटरी संपली? कळायला मार्ग नव्हता. काही गावांत वीज यायला कितीतरी दिवस लागले.

पनवेलचं यंत्र चालू होतं. पडद्यावर किनाऱ्याच्या शाखा लाल. पुतण्याच्या ओपनएनएमएसच्या मांडणीत गप्प झालेल्याला विचारण्याचं एक वेळापत्रक होतं. पहिली पाच मिनिटं दर ३० सेकंदांनी हाक. मग बारा तासांपर्यंत दर ५ मिनिटांनी. त्यानंतर दर १० मिनिटांनी. आणि पाच दिवस झाले की यादीतून नाव कमी. मोठ्या शहरातल्या कंपनीत पाच दिवस न बोललेलं यंत्र बहुधा भंगारात गेलेलं असतं. हिशेब तिथला असावा. आमच्याकडे होडी परतली नाही तर काठावरची माणसं पहिली रात्र जागतात, मग आळीपाळीनं जागतात. पण किती दिवसांनी थांबायचं, हे कुणी आधी लिहून ठेवत नाही.

पाच दिवस उलटले आणि पडद्यावरचे लाल ठिपके एकेक करून नाहीसे होऊ लागले. कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, "चला, सुधारतंय." पुतण्यानं पडदा पाहिला आणि त्याच्या पोटात गोळा आला. काही सुधारलं नव्हतं. विचारणंच थांबलं होतं.

हा पाच दिवसांचा आकडा एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला पत्र लिहावं लागत नाही. पुतण्यानं ती फाईल उघडली, नाव कमी करणारी ओळ काढली, सगळ्या शाखा पुन्हा यादीत घातल्या आणि यंत्र नव्यानं चालू केलं. पडदा पुन्हा लाल झाला. फाईलमध्ये, इंग्रजी मजकुराच्या मधोमध, त्यानं मराठीत एक टीप लिहिली: 'इथून कुणाचं नाव काढू नये.' अशी टीप यंत्र वाचत नाही, माणसासाठीच असते.

एक कटकट मात्र राहिली आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली की कधी कधी मूळ फाईल परत येते आणि बदललेली बाजूला पडते. म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही फाईली शेजारी ठेवून ताडून पाहाव्या लागतात, आणि ती ओळ परत आली असेल तर पुन्हा काढावी लागते. या कामाला तो मे महिन्यात बसतो, पाऊस लागायच्या आत.