मुद्रा, साखळी आणि लाकडी ठोकळा : मॅगझिन कोणाच्या हाती?

आजचा धागा पत्र्याच्या एका लहानशा पेटीविषयी आहे. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवली जाणारी, आत स्प्रिंग दडवलेली ही पेटी म्हणजे मॅगझिन. ती साफ कशी करावी, तिला पॉलिश करावे की नाही, हे प्रश्न शस्त्रागारातल्या हवालदाराचे वाटतात, इतिहासाच्या अभ्यासकाचे नव्हे. परंतु या पेटीची निगा कोणाकडे सोपवली होती आणि तिच्यावर पहारा कोणाचा होता, हे पाहू लागलो की राज्यकर्त्यांचा कोणावर किती विश्वास होता ते स्वच्छ दिसू लागते.

आधी शब्द पाहू. अरबी भाषेत ‘मखझन’ म्हणजे कोठार. हा शब्द युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीत ‘मॅगझिन’ झाला आणि दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला. १७३१ मध्ये लंडनला ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले ते लेखांचे कोठार या अर्थाने; मासिकाला मॅगझिन म्हणण्याची रूढी तिथून पसरली. बंदुकीतली काडतुसांची पेटी हा अर्थ त्याच्याही पुष्कळ नंतरचा. म्हणजे पिस्तुलाचे मॅगझिन हे मुठीत मावणारे कोठारच आहे. मोठ्या कोठाराला आपल्याकडे दारूखाना म्हणत.

दारूखान्याच्या निगेविषयी मराठीत एक अव्वल दर्जाचा मजकूर उपलब्ध आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले ‘आज्ञापत्र’. राजनीतीसाठी ते सारेच वाचतात, पण दुर्गप्रकरणातले बारकावे बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. अमात्य सांगतात की दारूखाना वस्तीच्या घरांपासून अलग असावा, त्याला तळघर असावे, तळ गच्चीचा असावा, दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी आणि तिला सर्दी पोहोचू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, हुक्के बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि परत ठेवून वर मुद्रा करावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून आसपास कोणी फिरकू नये. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांच्या काण्या, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावीत, असेही तिथे आहे.

यातली ‘मुद्रा’ लक्षात घ्या. सफाईचे काम आणि विश्वासाचा प्रश्न एकाच वाक्यात आले आहेत. कोठार उघडणारा माणूस ठरलेला, आणि काम होताच ते पुन्हा मुद्राबंद. ओलाव्याइतकीच फितुरीची भीती होती.

ओलाव्याची भीती का, हेही थोडक्यात सांगतो. सोरा, गंधक आणि कोळसा ही काळ्या दारूची सामग्री. ती दमट झाली की नीट पेटत नाही. आणि पेटल्यावर नळीत जी राख उरते तिच्यातले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. त्यामुळे बार काढून बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवली तर पावसाळी हवेत तिला पाहता पाहता गंज चढतो. आमच्या मेळघाटात हे वेगळे सांगावे लागत नाही. धारणीच्या घरांत आषाढ-श्रावणात विळ्या-कोयत्यांनाही तांबूस गंज धरतो.

मेळघाटातला मोठा दारूगोळ्याचा किल्ला म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. उंची सुमारे ११०० मीटर, पाऊस भरपूर आणि पावसाळाभर धुके. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. आडगावच्या लढाईनंतर, डिसेंबर १८०३ मध्ये, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी त्याला वेढा घातला. स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या अंगाला ओढून नेल्या, कारण जमीन तिकडेच किल्ल्याला जवळ येते. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला, किल्लेदार बेनीसिंग पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. महिना डिसेंबरचा होता, धुक्याचा नव्हे. हवामानाने बचाव करणाऱ्यांना काडीची मदत केली नाही. पुढे १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले, तेव्हा गाविलगड त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी तो निकामी केला. ज्या कोठाराच्या पहाऱ्याची खात्री नाही ते कोठारच नको, हा त्यामागचा हिशेब.

हाच हिशेब मग हातातल्या बंदुकीपर्यंत उतरला, आणि या धाग्याचा माझ्या मते सर्वांत रंजक भाग हा आहे.

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिला खालून बसणारे मॅगझिन होते. सुरुवातीच्या रायफलींत ते एका साखळीच्या कडीने बंदुकीला जोडलेले असे, म्हणजे शिपायाने ते हरवू नये. शिवाय ‘कट-ऑफ’ नावाची एक आडवी पट्टी होती. ती सरकवली की मॅगझिनमधली काडतुसे अडून राहत आणि शिपायाला एकेक काडतूस हाताने भरावे लागे. भरलेले मॅगझिन आणीबाणीसाठी राखायचे आणि ती आणीबाणी केव्हा आली ते अधिकाऱ्याने ठरवायचे! गोरा शिपाईसुद्धा घाबरून काडतुसे उधळील, ही धास्ती त्या पट्टीत आहे.

हिंदी माणसाच्या बाबतीत धास्ती निराळी होती. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण दीर्घकाळ चालले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेच्या हातातले हत्यार परवान्याच्या कक्षेत आले. आणि पोलीस व पहारेकऱ्यांसाठी इशापूरच्या कारखान्यात .४१० मस्केट तयार झाली. मूळ ली-एनफील्डच, पण नळी गुळगुळीत केलेली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेला. एका वेळी एकच बार. तिच्यात सैन्याचे .३०३ काडतूस चालू नये, अशीही तजवीज होती. या ठोकळ्याला ना तेल लागते ना सफाई. साम्राज्याच्या अविश्वासाचे इतके बोलके स्मारक एखाद्या संग्रहालयात काचेआड ठेवायला हवे.

या पार्श्वभूमीवर १९०९ चे नाशिक पाहा. त्या वर्षाच्या आरंभी सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह पाठवली. इंडिया हाउसमधले चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या खोट्या तळात दडवून मुंबईला आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या प्रकरणाची नैतिक चर्चा पुष्कळ झाली आहे. माझे लक्ष हत्याराकडे आहे. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र फुगीर असते. ब्राउनिंगची काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात, त्यामुळे पिस्तूल चपटे होते आणि कपड्यांत सहज लपते. परवान्याच्या कायद्याने जे नाकारले होते ते बेल्जियमच्या कारखान्यातून खोट्या तळातून आले. दारूखान्याची मुद्रा प्रजेने परस्पर फोडली होती.

आता प्रत्यक्ष सफाई. स्वातंत्र्यानंतर इशापूरलाच ९ मिलिमीटरचे ‘१ ए’ पिस्तूल बनू लागले. घडण ब्राउनिंगची, मॅगझिन १३ काडतुसांचे. असे मॅगझिन आधी रिकामे करतात, मग तळपट्टी सरकवतात. त्या वेळी स्प्रिंगवर अंगठा दाबून धरावा लागतो, नाहीतर ती उसळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. स्प्रिंग आणि काडतुसांना वर ढकलणारा तुकडा निघाला की आतून कोरडी चिंधी फिरवतात. तेल अगदी नावापुरते, तेही पुसून काढलेले. जास्त तेल धूळ धरते, काडतुसाच्या बुडात झिरपले तर काडतूस फुसके ठरू शकते. पेटीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी वळलेले जे ओठ असतात ते केसभर वाकले तरी काडतूस तिरपे होऊन अडकते. पिस्तूल अडकले की दोष बहुधा याच पेटीत सापडतो.

पॉलिशचा मोह मात्र टाळावा. पितळी बक्कल घासावे तसे मॅगझिन घासणारे लोक असतात. पोलादावरचा निळसर-काळा थर हा एक प्रकारे ताब्यात ठेवलेला गंजच आहे. लोखंडाचा तो काळा ऑक्साइड तेल धरून ठेवतो आणि तांबड्या गंजाला अडवतो. घासून चकाकी आणली की हा पडदा जातो, आणि मेळघाटासारख्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात ती चकाकी तांबूस होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांकडे एके-४७ होत्या आणि समोरच्या काही पोलिसांकडे .३०३ रायफली. म्हणजे ज्या रायफलीचे मॅगझिन काढून तिथे ठोकळा बसवला होता, तीच. फक्त मॅगझिन परत मिळाले होते, दहा काडतुसांचे.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रे पुजतात, आणि पूजेआधी ती साफ होतात. पावसाळा सरलेला असतो. काण्यांतले मेण काढून मोहिमेवर निघण्याचे हेच दिवस. पोलिसांच्या शस्त्रपूजेचे फोटो यंदा दिसले तर झेंडूच्या फुलांपलीकडे नीट पाहा. तिथे मांडलेल्या पिस्तुलांत मॅगझिन बसवलेले आहे, की ते काढून शेजारी ठेवले आहे?