रक्तपिपासूंच्या चित्रकथा आणि वाचकांचा न्याय

व्हॅम्पायर आणि गुन्हेशोध यांची सांगड घालणारी नवी चित्रकथा-मालिका बाजारात आली की तिच्यावरील प्रतिक्रियांचे दोन तट पडतात. एका बाजूला पालक, शिक्षक आणि समाजहितचिंतक असतात. रक्त, खून आणि प्रेते यांनी भरलेली पाने मुलांच्या हाती पडावीत का, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या बाजूला ती मालिका प्रत्यक्ष वाचणारे असतात आणि त्यांच्या तक्रारी अगदीच निराळ्या असतात. पिशाच्चाचे नियम मध्येच का बदलले, तपास अर्धवट का सोडला, खलनायक इतक्या सहज कसा मेला, हे त्यांना खटकते. पहिली बाजू विषय तपासते, दुसरी कथन. हा वाद पाश्चात्त्य कॉमिक्सबरोबर आपल्याकडे आयात झाला, असा सर्वसाधारण समज आहे. जालना जिल्ह्यातील वाचकाला मात्र त्याची मुळे शोधण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

गोदाकाठचा वेताळ

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी ही जालना जिल्ह्याची सीमा आहे. तिच्या काठाने प्रवाहाविरुद्ध गेले की पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान लागते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथांचा नायक राजा त्रिविक्रमसेन याच गोदाकाठच्या प्रतिष्ठाननगरीत राज्य करतो. लोकपरंपरेने पुढे त्याला विक्रम केले आणि 'चांदोबा' मासिकाने त्याला मराठी घराघरांत नेले. चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन स्मशानातून चाललेला तो राजा अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे.

या कथाचक्राची चौकट बारकाईने पाहिली तर ती गुन्हेकथेची आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ आणून देतो. फळात रत्न असते. त्या भेटींच्या बदल्यात तो राजाला स्मशानातील प्रेत आणायला पाठवतो. या भिक्षूचा बेत खुद्द राजालाच बळी देण्याचा आहे, हे शेवटी उघड करतो तो प्रेतात शिरलेला वेताळच. म्हणजे पिशाच्च हा येथे गुन्हेगार नसून खबऱ्या आहे, आणि परीक्षकही. कारण त्याच्या बहुतेक कथा एकाच वळणाच्या प्रश्नावर येऊन थांबतात: यात दोषी कोण?

पहिल्याच कथेत राजपुत्र आणि त्याचा मंत्रिपुत्र मित्र मिळून एका तरुणीला चेटकीण ठरवतात. राजा तिला नगराबाहेर घालवतो आणि तिचे आईवडील दुःखाने प्राण सोडतात. दोष कोणाचा, असे वेताळ विचारतो. त्रिविक्रमसेनाचे उत्तर असे, की ज्या राजाने चौकशी न करता समोर आलेल्या पुराव्यावर विश्वास ठेवला, तो दोषी. दुसऱ्या एका कथेत घारीने पकडलेल्या सापाचे विष अन्नात पडते आणि ते अन्न खाणारा ब्राह्मण मरतो. साप, घार आणि अन्न देणारे या सर्वांना राजा निर्दोष ठरवतो. विचार न करता यांच्यापैकी कोणावर तरी ठपका ठेवील, पाप त्याच्या माथी, असा त्याचा निवाडा आहे. चित्रकथांवरील वादाच्या पुढच्या इतिहासात हे दोन निवाडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

रक्ताने लिहिलेला ग्रंथ

या कथासंभाराची उत्पत्तिकथाही वाचकाच्या प्रतिक्रियेचीच कथा आहे. सोमदेवाने ज्या 'बृहत्कथे'चा आधार घेतला, ती गुणाढ्याने पैशाची भाषेत रचली असे परंपरा सांगते. अरण्यात शाई मिळेना म्हणून त्याने सात लक्ष श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले आणि ग्रंथ सातवाहन राजाकडे पाठवला. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. राजाने तो तुच्छतेने परत पाठवला. खचलेल्या गुणाढ्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकण्यास आरंभ केला. चारा सोडून प्राणी कथा ऐकत राहिले, त्यांचे मांस निःसत्त्व झाले आणि ते खाऊन राजा आजारी पडला. कारण कळल्यावर राजा अरण्यात धावला, पण तोवर एक लक्ष श्लोकच उरले होते.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तथापि तिच्यातील दोन वाचक आजही ओळखीचे वाटतात. एकाने ग्रंथ न वाचताच नाकारला. दुसऱ्यांना तो ऐकताना तहानभुकेचा विसर पडला.

ग्लासगोची दफनभूमी

विसाव्या शतकात हा संघर्ष प्रथम अमेरिकेत पेटला. ईसी कॉमिक्ससारख्या प्रकाशनांच्या भयकथा आणि गुन्हेकथा दुसऱ्या महायुद्धानंतर अफाट खपत होत्या. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या पुस्तकात बालगुन्हेगारीचा संबंध कॉमिक्सशी जोडला. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली. ईसीने आपल्या वाचकांना समितीकडे पत्रे लिहिण्याचे आवाहन केले, आणि मुलांनी ती लिहिलीही. निर्णयावर त्यांचा परिणाम झाला नाही. प्रकाशकांनीच स्वीकारलेल्या आचारसंहितेने, म्हणजे कॉमिक्स कोडने, व्हॅम्पायर, चालती प्रेते आणि नरवृक यांना हद्दपार केले. वर्थम यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींत सोयीस्कर फेरफार केले होते, हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी त्यांची कागदपत्रे तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले. पण तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

ब्रिटनमधील घटना तर एखाद्या चित्रकथेतच शोभावी अशी आहे. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गोर्बल्स भागातील दफनभूमीत शेकडो मुले गोळा झाली. काहींच्या हाती चाकू, काहींच्या हाती टोकदार काठ्या. लोखंडी दातांच्या, सात फूट उंच व्हॅम्पायरने दोन मुलांना पळवून खाल्ले, अशी वार्ता पसरली होती आणि ही बालसेना त्याच्या शोधात निघाली होती. प्रत्यक्षात कोणतेही मूल बेपत्ता नव्हते. तरीही वृत्तपत्रांनी आणि शिक्षकांनी दोष अमेरिकी भय-कॉमिक्सना दिला.  लोखंडी दातांचे श्वापद मात्र बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथात आहे, आणि लोखंडी दातांची एक चेटकीण स्कॉटिश मुलांच्या परिचयाच्या एका जुन्या कवितेत. कॉमिक्सविरोधी मोहीम आधीपासून चालू होती, तिला या घटनेने बळ मिळाले. विशेष म्हणजे त्या मोहिमेत धर्मनिष्ठ मंडळी आणि कम्युनिस्ट एकत्र होते. १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने बालकांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.

दिल्लीतील पडसाद

त्याचे पडसाद पुढच्याच वर्षी भारतात उमटले. संसदेने १९५६ मध्ये 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट' संमत केला. गुन्ह्यांचे, हिंसेचे वा क्रौर्याचे आणि किळसवाण्या वा भयंकर प्रसंगांचे चित्रण करणारे प्रकाशन, तसेच दुराचाराचा गौरव करणारे प्रकाशन त्याच्या कक्षेत आले. कथा चित्रांतून सांगितलेली असो वा चित्रांविना, कायद्याने भेद केला नाही. 'तरुण व्यक्ती' म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला.

या कायद्यातील एक अट फारशी लक्षात घेतली जात नाही. प्रकाशन एकंदरीत पाहता तरुण मनाला बिघडवणारे असले, तरच ते हानिकारक ठरते. एखादे रक्तरंजित पान किंवा सुळे दाखवणारे मुखपृष्ठ पुरेसे नाही. पूर्ण कृती वाचल्याशिवाय निर्णय देता येत नाही. पैठणच्या राजाने वेताळाला जे सांगितले, त्याच्याशी ही अट मिळतीजुळती आहे.

वेताळ झाला गुन्हेगारांचा कर्दनकाळ

भारतीय वाचकाने या कायद्यानंतर काय स्वीकारले, हे पाहणे उद्बोधक आहे. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिला नायक होता ली फॉक यांचा 'फँटम', जो १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांत झळकत होता. मराठी आवृत्तीत त्याचे नाव ठेवले गेले 'वेताळ'. कवटीच्या गुहेत राहणारा, गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारा, ज्याला मरण नाही अशी जंगलभर ख्याती असलेला हा वेताळ चाच्यांचा आणि लुटारूंचा शत्रू होता. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला आणि डाकूंशी लढू लागला. इंद्रजालचे प्रकाशन १९९० मध्ये थांबले.

नावाचा हा योगायोग नुसता गमतीचा नाही. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणताना ग्रंथाला 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे शीर्षक दिले होते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आली. इंग्रज वाचकाला वेताळ व्हॅम्पायर म्हणून भेटला आणि मराठी मुलाला वेताळ गुन्हेगारांचा कर्दनकाळ म्हणून. रक्तपिपासू पिशाच्च आणि गुन्हेशोध यांचे जे मिश्रण आज नावीन्य म्हणून विकले जाते, त्याचे दोन्ही घटक मराठी वाचकाच्या शब्दसंग्रहात असे शेजारी होते.

ड्रॅक्युलाचे पुनरागमन

अमेरिकेत १९७१ मध्ये आचारसंहिता शिथिल झाली आणि अभिजात साहित्यपरंपरेला धरून असलेल्या व्हॅम्पायरना परवानगी मिळाली. लगेच १९७२ मध्ये मार्व्हलची 'टूम ऑफ ड्रॅक्युला' ही मालिका सुरू झाली. सुरुवातीला तिचे लेखक वारंवार बदलले. सातव्या अंकापासून मार्व्ह वुल्फमन यांनी लेखणी हाती घेतली, जीन कोलन यांची छायाप्रकाशात बुडालेली चित्रे पहिल्यापासून होतीच. १९७९ पर्यंत मालिकेचे ७० अंक निघाले. दहाव्या अंकात आलेला व्हॅम्पायर-शिकारी ब्लेड १९९८ मध्ये चित्रपटाचा नायक झाला. २५व्या अंकातील हॅनिबल किंग हा तर स्वतः व्हॅम्पायर झालेला खासगी गुप्तहेर. आजच्या व्हॅम्पायर-गुन्हेकथांचा तो पूर्वज म्हणता येईल. २००२ मधील 'थर्टी डेज ऑफ नाइट' आणि २०१० मधील 'अमेरिकन व्हॅम्पायर' यांनी ही वाट पुढे नेली.

वाचकांनी येथे काय उचलून धरले? रक्ताचे प्रमाण निश्चितच नव्हे. ते इतरत्रही विपुल होते. शिकार करणाऱ्यांचे मनोव्यापार, पाठलागातील सातत्य आणि नियमांची शिस्त यांमुळे ही मालिका टिकली. मूळ 'ड्रॅक्युला' कादंबरीची बांधणीही दैनंदिनी, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांची आहे. म्हणजे तपासाच्या फायलीची. पुरावे जुळवत राहणे हा वाचकाचा आनंद तेथपासूनचा आहे.

मराठी वाचकाचा कौल

मराठीत हा आनंद चित्रांपेक्षा शब्दांतून अधिक मिळाला. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळा पहाड यांना घरोघर पोहोचवले. भयकथेला स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला तो नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंगच्या १९७५ मधील 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. एकेक घर करत व्हॅम्पायर गाव गिळून टाकतात, ही मूळ कल्पना त्यांनी मराठी मातीत रुजवली. पिंपळावरचा मुंजा आणि विहिरीवरची हडळ यांच्यावर वाढलेल्या वाचकाने हा परका पाहुणा आपलासा केला, कारण धारपांच्या कथाविश्वात अनिष्टाला सामोरी जाणारी शक्तीही तितकीच ठोस असे. 'समर्थ' ही त्यांची मानसपुत्र-व्यक्तिरेखा याची साक्ष आहे.

समीक्षेने या लेखनाची दखल दीर्घकाळ घेतली नाही. वाचनालयांतील फाटक्या प्रतींनी घेतली. धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये बेताचाच चालला आणि २०२४ मधील पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. लोकांचा कौल कधीकधी असा उशिरा लागतो.

ग्रंथालयांपुढील प्रश्न

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. जालना, अंबड, भोकरदन वा परतूर येथील एखाद्या ग्रंथपालापुढे उद्या अशी नवी मालिका आली, तर ती कोणत्या कपाटात ठेवावी हा प्रश्न खराच आहे. आठ वर्षांच्या मुलाला झोप लागू न देणारी चित्रे असतात, आणि बळी पडणाऱ्या स्त्रीचे चित्रण केवळ चवीसाठी करणारी पुस्तकेही असतात. पालकांची काळजी म्हणूनच हसण्यावारी नेता येत नाही. पण वयानुसार कपाट वेगळे करणे निराळे आणि पुस्तक न उघडता परत पाठवणे निराळे.

पारख करण्यास काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. बळी पडलेल्या माणसाला कथेत नाव, घर आणि शोक करणारे कोणी आहे का? गुन्ह्याची उकल होते का, की गुन्ह्याचेच कौतुक चालते? पिशाच्चाच्या शक्तीला मर्यादा आहे का? अनुभवी वाचक मालिकेला हेच प्रश्न विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. नियम पाळले नाहीत, शेवट फसवा निघाला, अशा त्यांच्या तक्रारींत न्यायाची अपेक्षाच दडलेली असते. मालिका नाकारण्याचा अधिकार पालकाला, शिक्षकाला आणि ग्रंथपालाला अर्थातच आहे. त्यांनी तिचा एखादा अंक आधी शेवटपर्यंत वाचावा आणि जमल्यास तो वाचणाऱ्या मुलालाही त्याचे मत विचारावे, एवढीच अपेक्षा.