मास्टर विठ्ठल : मूकपटांचे साहसवीर

निजामी अमलांत, सन १९४८ पर्यंत, सिल्लोडच्या कचेरींतील भाषा उर्दू होती. घरीं मराठी आणि सरकारदरबारीं उर्दू अशी ज्यांनीं जन्मभर ओढाताण सोसली, त्यांस एका मराठी नटाची अडचण चटकन उमगेल. हे नट म्हणजे मूकपटांतील प्रख्यात साहसवीर मास्टर विठ्ठल.

राजापूरकर नाटक मंडळींत बालनट म्हणून त्यांनीं रंगभूमीवर पाऊल ठेविलें. पुढें कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत ते चित्रपट-संकलनाचें काम करूं लागले. सन १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटांत ते पडद्यावर आले, तेहि नर्तकीच्या वेषांत! परंतु कोल्हापूर हें तालमींचें नगर. शाहू महाराजांच्या आश्रयानें तेथें मल्लविद्या बहरली होती आणि पिळदार, चपळ शरीराचें लोकांस मोठें कौतुक होतें. नृत्यांत कमावलेली चपळाई लवकरच तरवारीच्या कामीं आली.

मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनें ‘रतन मंजरी’ (१९२६) या चित्रपटांत त्यांस नायक केलें. घोडदौड, तरवारबाजी व धाडसी उड्या यांमुळें ‘हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स’ अशी त्यांची ख्याति झाली. मूकपटास भाषेची अटक नसे. त्यांची उडी लाहोरास जितकी कळे, तितकीच मद्रासेसहि कळे.

अशा नटास अर्देशीर इराणी यांनीं ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचा नायक निवडलें. शारदा कंपनीनें करारभंगाचा दावा लावला, तेव्हां बॅरिस्टर जिना यांनीं विठ्ठल यांची बाजू मांडली. खटला जिंकला, पण खरी कसोटी पुढेंच होती. विठ्ठल यांस उर्दूचे उच्चार साधेनात. अखेर नायकास बराच वेळ गुंगींत ठेवून त्याचें बोलणें कमी करावें लागलें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत जनसमुदाय लोटला, तो बोलणारें चित्र ऐकावयास. आणि त्याचा नायक मात्र जवळजवळ अबोल!

उर्दूनें अडविलेल्या या नटास मायबोलीनें पुन्हां जवळ केलें. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) अशा मराठी ऐतिहासिक चित्रपटांत त्यांची तरवार पुन्हां तळपली. उतारवयांत लहानसान भूमिकाहि त्यांनीं केल्या. सन १९६९ मध्यें ते निवर्तले. ‘आलम आरा’ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं.

काळ पालटला म्हणजे कालची विद्या अपुरी पडते, हें खरें. पण जेथें आपली विद्या उपयोगी पडेल तेथें, मानापमान न मानतां, काम करीत राहणें हेंहि एक शौर्यच होय.