वाकळ

दक्षिण महाराष्ट्रात गोधडीला वाकळ म्हणतात. संस्कृत ‘वल्कल’ म्हणजे झाडाची साल, सालीचे वस्त्र. प्राकृतात त्याचे ‘वक्कल’ झाले आणि मराठीत ‘वाकळ’. कर्ण, कण्ण, कान हीच चाल. ऋषिमुनींचे वस्त्र अंथरुणात आले, ही बढतीच म्हणायची! जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून वर रंगीत ठिगळे मांडतात आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालतात. टाके बहुधा कडेने सुरू होऊन चौकोनाचौकोनांनी आत सरकतात. रंग जुळवण्याचा हा नाद बायका म्हातारपणीही सोडत नाहीत. लेकीला, नातवंडाला वाकळ शिवून देतात. ‘गोधडी’चे कूळ वेगळे, हिंदी गुदडी, गुजराती गोदडी तिच्या बहिणी. बंगाली कांथा संस्कृत ‘कंथा’वरून आली. मराठीतही कंथा आहे, पण ती गोसाव्याच्या अंगावर.