आजीवन सिमचं आयुष्य किती?

परवा तालुक्याच्या गावी बँकेत गेलो होतो. पुढे एक आजोबा, धोतर-टोपी, हातात पिशवी. ओटीपी येत नाही म्हणून काम अडलेलं. काउंटरवरचा मुलगा समजावून सांगत होता, "आजोबा, हा नंबर आता तुमचा नाही. लावून बघितला, दुसराच कोणीतरी उचलतोय." आजोबांचं एकच म्हणणं, "आसं कसं? मी आजीवनचं पैसं भरल्यात!"

रांगेतले हसले. मीही हसलो असतो, पण आमच्या आईचा फोन आठवला. तिच्याकडेही असंच 'आजीवन' सिम होतं. २०१९ च्या सुरुवातीला दोन दिवस तिला फोन लागेना. शेवटी शेजारच्या काकूंना लावला. आई म्हणाली, "अरे, मला वाटलं कुणाला आठवणच येत नाही." फोन ठीक होता, रेंज होती. रिचार्ज नाही म्हणून येणारे कॉल बंद केलेले. मेसेज आले होते म्हणे. इंग्रजीत!

ही चूक आजोबांची नाही, आईचीही नाही. हे इथवर कसं आलं ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना लावला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात, आणि कॉल आला तरी पैसे. पुढे देशाचे तुकडे पाडून परवाने दिले गेले. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा असं एक सर्कल. या सर्कलमध्ये सुरुवातीला दोनच खाजगी कंपन्या, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. ज्यांचे नंबर ९८२३ ने सुरू व्हायचे ते बीपीएलवाले, ९८२२ ने सुरू व्हायचे ते बिर्लावाले. गावात तेव्हा मोबाइल म्हणजे कारखान्याचा चेअरमन, एखादा डॉक्टर, दोन-चार ठेकेदार. आम्ही पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा बातमी फॅक्सने नाहीतर एसटीडी बूथवरून जायची, आणि मीटरकडे बघत बघत वाक्यं छोटी करायची सवय लागली ती तिथेच.

नंतर बीएसएनएलचं सेलवन आलं, २००२ च्या अखेरीस. मग रिलायन्सने २००३ मध्ये ५०१ रुपयांत फोन हातात दिला. त्याच वर्षी येणारे कॉल फुकट झाले, आणि मोबाइल खऱ्या अर्थाने गावात शिरला. भाजीवाल्याकडे, गवंड्याकडे, रिक्षावाल्याकडे. 'मिस कॉल दे' हे वाक्य मराठीत रुळलं ते याच काळात.

आता विलीनीकरणाची गोष्ट. आपल्याकडचं बीपीएल हचकडे गेलं. २००७ मध्ये व्होडाफोनने हचमधला मोठा हिस्सा विकत घेतला, सप्टेंबरमध्ये नाव बदललं. जाहिरातीतला तो छोटा कुत्रा गुलाबी घरातून निघून लाल घरात गेला, आठवतंय? गिऱ्हाइकाला काहीच करावं लागलं नाही. तेच सिम, तोच हँडसेट, तोच नंबर. फक्त स्क्रीनवरचं नाव बदललं. तिकडे बिर्ला एटी अँड टीमध्ये टाटा आले, २००२ मध्ये 'आयडिया' हे नाव आलं, मग एटी अँड टी आणि टाटा दोघेही बाहेर पडले.

म्हणजे सुरुवातीची विलीनीकरणं आपल्याला टोचलीच नाहीत. कारण स्पर्धा वाढत होती. २०१० च्या आसपास एकेका सर्कलमध्ये दहाच्या आसपास कंपन्या झाल्या. टाटा डोकोमोने २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आणला आणि सगळ्यांना मागे यावं लागलं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. शुल्क फक्त १९ रुपये. गिऱ्हाईक राजा म्हणतात तसे दिवस आले होते.

'आजीवन' योजना आली ती याच चढत्या काळात, २००५ च्या अखेरीस. एकदाच ९९९ रुपयांच्या आसपास भरा, येणारे कॉल आयुष्यभर चालू. लोकांनी 'आयुष्यभर' म्हणजे आपलं आयुष्य समजलं. नियमात मात्र अर्थ वेगळा होता. ज्या कंपनीला सेवा द्यायचा परवाना आहे, तो असेपर्यंत. आयुष्य गिऱ्हाइकाचं नव्हे, परवान्याचं! शिवाय अधूनमधून रिचार्ज करायच्या अटी होत्याच. हे बारीक अक्षरात कुणी वाचलं? मीही नाही. आणि मी तर रोज बातम्या वाचणारा माणूस.

मग वारं फिरलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत लूप बंद झालं. हे लूप म्हणजे मुंबईतलं जुनं बीपीएल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, महिनोन्‌महिने फुकट. बाकीच्यांचं कंबरडं मोडलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ संपता संपता मोबाइलवरचं बोलणं बंद केलं, २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेलं. टेलिनॉर आणि टाटाचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले. या फेऱ्यात सिमबरोबर हँडसेटही बदलावे लागले. सीडीएमएचे फोन तर कंपनीलाच बांधलेले. कंपनी गेली की फोन पोरांना खेळायला.

आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. तेव्हा ग्राहक ४० कोटींच्या वर, देशात पहिला नंबर. ९८२२ आणि ९८२३, एकेकाळी चौकातल्या समोरासमोरच्या दुकानांत भांडणारे, वीस वर्षांनी एकाच घरात. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचं 'व्ही' झालं. आज ग्राहक निम्म्याच्या आसपास उरलेत, आणि थकबाकीच्या बदल्यात शेअर घेत घेत केंद्र सरकारच त्या कंपनीत ४९ टक्क्यांच्या जवळ मालक झालंय.

आता आईच्या फोनकडे या. २०१८ च्या शेवटी जुन्या खाजगी कंपन्यांनी किमान रिचार्जची पद्धत आणली, महिन्याला ३५ रुपये. दहा जण बाजारात असते तर हे धाडस झालं असतं का? एकाने केलं असतं तर लोक दुसरीकडे गेले असते. पण आता दुसरीकडे म्हणजे कुठे? ३५ चे पुढे ४९, ७९, ९९ होत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर महिन्याचा साधा प्लॅन २०० रुपयांच्या आसपास आला. तेव्हा बरेच लोक बीएसएनएलकडे वळले, ही त्या पर्यायाचीच किंमत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुकटात आणि पैशा-पैशात धंदा करून कंपन्या बुडाल्या, हे खरंच आहे. मनोरे, वीज, स्पेक्ट्रम, कशालाच पैसे लागत नाहीत असं नाही. पण ज्या बाईला फक्त लेकीचा फोन यायला हवा, तिने डेटाचे पैसे का भरायचे? हा प्रश्न ट्रायलाही पटला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी नुसत्या बोलण्या-मेसेजचे वेगळे प्लॅन देणं बंधनकारक केलं. प्लॅन आले, पण किती म्हाताऱ्यांना ते कुणी सांगितलं?

आणि आता नंबर म्हणजे नुसता फोन नाही. आधार, बँक, गॅस, पीएम किसान, सगळं त्याच दहा आकड्यांवर. नंबर बंद पडून दुसऱ्याच्या हाती गेला की बँकेतल्या आजोबांसारखं होतं. नंबर आपला वाटतो, पण तो आपल्याला वापरायला दिलेला असतो.

म्हणून एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सिमची मुदत कधी संपते ते आजच बघा. नुसत्या बोलण्याचा प्लॅन आहे का, दुकानदाराला विचारा. कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत PORT हा शब्द, पुढे जागा सोडून नंबर, आणि १९०० वर मेसेज. बंद पडायच्या आत. आणि बँकेत जुना नंबर असेल तर आधी तो बदला.

आजोबांचं काय झालं? नवीन नंबरचा अर्ज मी भरून दिला. अंगठ्याला शाई लावताना ते म्हणाले, "ह्यो तरी ऱ्हाईल न्हवं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरात कुणाचं आजीवन सिम बंद पडलं असेल तर खाली लिहा.