ससून डॉक कला प्रकल्प

ससून डॉक कला प्रकल्प हा मुंबईतील कुलाबा येथील ससून गोदीत २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरलेला सार्वजनिक कलाउपक्रम होता. स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने त्याचे आयोजन केले होते.

पार्श्वभूमी

ससून गोदी १८७५ मध्ये बांधण्यात आली. ती मुंबईतील सर्वांत जुन्या गोद्यांपैकी एक असून शहरातील मोठ्या घाऊक मासळी बाजारांत तिची गणना होते. नौकांतून मासळी उतरवणे, तिचा लिलाव आणि कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांचे काम येथे भल्या पहाटेपासून चालते.

कलाकृती

सिंगापूरच्या कलावती तान झी शी यांची ‘प्लास्टिक ओशन’ ही मांडणी २०१६ मध्ये सिंगापूर कला संग्रहालयात प्रदर्शित झाली होती. ससून गोदीतही ती उभारण्यात आली. टाकून दिलेल्या हजारो प्लास्टिक वस्तू डोक्यावर टांगलेल्या असल्याने, खालून जाणाऱ्या प्रेक्षकास आपण कचऱ्याने भरलेल्या समुद्राच्या पोटात असल्याचा भास होतो. याखेरीज गोदीच्या भिंतींवर कोळी समाजातील व्यक्तींची मोठी छायाचित्रे लावण्यात आली होती.

महत्त्व

समुद्रातील प्लास्टिकचे ऊन व लाटांमुळे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. हे कण मासे व इतर जलचरांच्या पोटात जातात. त्यामुळे हा प्रश्न जलचरांइतकाच मासेमारीवर जगणाऱ्यांचा आणि मासळी खाणाऱ्यांचाही ठरतो. प्रदर्शन कलादालनाऐवजी गजबजलेल्या गोदीत भरल्याने समुद्रावरील संकटाचे चित्रण आणि त्याची झळ सोसणारे लोक एकाच आवारात आले.