चित्रफितीचे देशाचार

पवनारला धाम नदीच्या कांठीं १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं आचार्य विनोबा भावे यांनीं देह ठेविला. त्याच दिवशीं मॉस्कोंत ब्रेझनेव्ह यांचा अंत्यविधि झाला. त्यासाठीं गेलेल्या पंतप्रधान इंदिरा गांधी तेथील मुक्काम आटोपता घेऊन विनोबांच्या अंत्ययात्रेस आल्या. मॉस्को ते वर्धा हें अंतर विमानानें असें तोडतां आलें; दूरचित्रवाणीच्या रंगीत चित्रास मात्र तें वेष पालटल्यावांचून तोडतां येत नसे.

रशियांत १९६७ पासून फ्रान्सची 'सेकाम' ही रंगपद्धति चालू होती. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ सालींच सुरू झालें, तें जर्मनींत वाल्टर ब्रुख यांनीं सिद्ध केलेल्या 'पाल' पद्धतीनें. दोघी सख्ख्या बहिणीच. ओळी ६२५, सेकंदाला चित्रें २५. भांडण काय तें रंगाचें! एकीची फीत दुसरीच्या यंत्रांत घातली तर बहुधा रंग जाई, पण चित्र हालत राही.

अमेरिकेचें घराणेंच निराळें. तेथें ओळी ५२५ आणि चित्रें जवळजवळ ३०. याचें मूळ घरोघरच्या विजेंत आहे. आपल्या विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५०, तेथील ६०. पडद्यावर विजेचे पट्टे सरकूं नयेत म्हणून आरंभींच्या यंत्रज्ञांनीं चित्राचा वेग त्या आवर्तनांशीं जुळविला. त्यामुळें वर्धेच्या लग्नाची फीत न्यू जर्सीच्या मामांकडे पोहोंचली कीं, मंगलाष्टकांच्या जागीं वेड्यावांकड्या रेघा दिसत.

अंकीय कॅमेरे आले तेव्हां लोकांस वाटलें कीं, हें सोंवळें आतां सुटलें. तसें झालें नाहीं. अंकरूप चित्रांतही पालच्या ओळी ५७६ आणि अमेरिकेच्या ४८० राहिल्या. फीत काढतांना ओळी कमी करणें फारसें कठीण नाहीं. कठीण आहे तो काळ. सेकंदाचीं ५० अर्धचित्रें ६० करावयाचीं, म्हणजे दर पांचांमागें एक अधिक हवें. तें आणावें कोठून? साधें यंत्र जुनेंच अर्धचित्र पुन्हां दाखवी. मग चालणारा माणूस क्षणोक्षणीं अडखळे. दुसरें यंत्र शेजारच्या दोन अर्धचित्रांचें मिश्रण करी. मग हलणाऱ्या हाताला भुताची सांवली लागे.

श्रोतेहो, लग्नघरीं हें खपून जातें; इतिहासाच्या अभ्यासकास तें जाचतें. १९३६ पासून सेवाग्रामीं राहिलेल्या गांधीजींचेंच पाहा. १९३० च्या दांडीयात्रेच्या मूकचित्रांत ते पुष्कळदां धांवतांना दिसतात. ते झपाट्यानें चालत हें खरें. परंतु हातानें फिरवावयाच्या कॅमेऱ्यांत सेकंदाला सुमारें १६ ते १८ चित्रें पडत. बोलपटाचें यंत्र तीं २४ च्या वेगानें दाखवी आणि पालची फीत २५ च्या. सोळांचीं पंचवीस झालीं म्हणजे वेग दीडपटीहून अधिक झाला! वर अमेरिकेसाठीं काढलेल्या नकलेची अडखळ निराळीच. अशा तिसऱ्या-चौथ्या नकलेंत गांधीजींची चाल किती आणि यंत्राची किती, हें कोणी सांगावें? जाणते लोक मूळ प्रत मूळ वेगानेंच जपत आणि प्रत्येक देशाची फीत तिच्यावरूनच काढीत.

व्ही. एच. एस. यंत्रें करणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ सालीं तें उत्पादन थांबविलें. आतां कपाटांतल्या फिती उलट वाटेनें अंकांत उतरत आहेत. आणि न्यू जर्सीहून परत आलेल्या वर्धेच्या लग्नांत नवरदेव अजून दर पांचव्या अर्धचित्राला अडखळतो.